कोंडाबाईनं केलेला मास्तर

कोंडाबाईनं आयुष्यात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि तेही मार्गासनीच्या दूध डेअरीसमोर, सकाळी सात वाजता. म्हणजे जिथं सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत वेल्ह्याला आणि दिवस मावळेपर्यंत भोरला पोचते अशा जागी. खोटं कुठं बोलावं याचीसुद्धा सवय असावी लागते. तिला ती नव्हती.

मार्गासनीच्या वर, तासाभराच्या चढणीवर सहा घरांचा धनगरवाडा आहे. त्यातलं शेवटचं घर हरिबा आणि कोंडाबाईचं. चार म्हशी, दोन गाई, पंधरा-वीस शेळ्या आणि एकुलता एक मुलगा संपत. संपत बी.ए. झाला तो मराठी घेऊन, आणि बी.ए. होऊन दुधाचा टेम्पो चालवू लागला. त्याची बायको धनश्री भोरच्या बाजूच्या अशाच एका वाड्यावरची. पण ती भोरला वसतिगृहात राहून इंग्रजी घेऊन शिकली, बी.एड. झाली आणि लग्नानंतर, मुलगी तीन वर्षांची झाल्यावर, चार वर्षं भोरच्या एका खाजगी शाळेत शिकवायला जात राहिली. पहाटे वाडा उतरायचा, मार्गासनीला एस.टी. धरायची, कापूरहोळला उतरून दुसरी धरायची, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. त्या शाळेच्या पगारात एस.टी.चा पास निघायचा आणि वर थोडीशी ऐट उरायची.

मग तिला मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेत नोकरी लागली. तिची मुलाखत मोबाईलवर झाली, आणि वाड्यावर मोबाईलला रेंज मिळते ती फक्त गोठ्यामागच्या खडकावर. धनश्री खडकावर बसून इंग्रजीत बोलत होती आणि कोंडाबाई काठी घेऊन म्हशींना लांब हाकत होती. तरी एक म्हैस ओरडलीच. पलीकडच्या बाईनं हसून काहीतरी विचारलं, धनश्रीनंही हसून उत्तर दिलं, आणि कोंडाबाईला वाटलं की गेली नोकरी, म्हशीनं घालवली. आठ दिवसांनी नोकरीचा कागद आला. नवऱ्याला आणि मुलीला सोबत नेता येणार होतं, राहायला खोली मिळणार होती. संपतनं टेम्पो विकला, सात वर्षांच्या शेफालीचं नाव शाळेतून काढलं आणि तिघंही गेले.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण ते गेल्यानंतरच्या सोमवारी कोंडाबाई डेअरीवर दुधाची किटली घेऊन उभी असताना रखमाजी मागून बोलला. हा रखमाजी मार्गासनीतला शेतकरी, घरचं बरं, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास त्याला सगळ्यात आधी येतो.

"कोंडाबाई, सून कमावणार, ते समजलं. पर संपत काय करणार तिकडं? भांडी घासणार व्हय?"

रांगेतली चार माणसं हसली. फार नाही, थोडीशीच. पण कोंडाबाईच्या ते जिव्हारी लागलं. तिच्या तोंडातून शब्द गेले ते तिनं स्वतःच नंतर ऐकले.

"भांडी कशापायी घासंल? मास्तर झालाय त्यो, इंग्रजीचा. त्यालाच तर लागलीया नोकरी. सून आपली संगं गेलीया, सैपाकाला."

यातलं 'सैपाकाला' हे अगदी फुकटचं होतं. तेवढं बोलली नसती तरी चाललं असतं. पण खोटं बोलताना माणूस हात आखडता घेत नाही.

आणि लोकांना ते पटलं. धनश्री चार वर्षं वह्यांची पिशवी घेऊन एस.टी.ची वाट बघत उभी असायची हे अर्ध्या मार्गासनीनं रोज पाहिलेलं. संपतला दुधाचे कॅन चढवताना सगळ्यांनी पाहिलेलं. तरीही पटलं. बाई भोरला शिकवते, पण समुद्र ओलांडून शिकवायला जातो तो बाप्याच, असा हिशेब लोकांनी आपसात लावून टाकला आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. रखमाजीसुद्धा म्हणाला, "पोरगं हुशारच हुतं, टेम्पोत वाया चाललं हुतं."

हरिबाच्या कानावर हे चहाच्या टपरीवर आलं. त्यानं घरी येऊन बायकोला काही विचारलं नाही. खोटं त्यानं सांगितलं नव्हतं, त्यामुळं खरं सांगण्याची जबाबदारीही आपली नाही असं त्यानं ठरवलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो धुतलेली टोपी घालून खाली जाऊ लागला. लोक "मास्तरचं वडील" म्हणून बाकावर जागा करून देत, आणि हरिबा बसत असे.

असं दीड वर्ष गेलं. धनश्रीच्या एका पगारात तिघं तिथं राहत होती आणि दोघं इथं. हरिबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गोठ्यावर नवा पत्रा आला. खडकावर बसून कोंडाबाई मोबाईलमध्ये नातीला बघायची, मागं निळं पाणी दिसायचं, संपत कणीक मळताना दिसायचा. "आई, नाचणीचं पीठ संपलं बग," तो म्हणायचा. कोंडाबाई इकडंतिकडं बघून घ्यायची, कुणी ऐकलं तर नाही ना.

डिसेंबरात पंधरा दिवसांच्या सुट्टीला तिघं यायची झाली. कोंडाबाई सकाळपासून मार्गासनीच्या स्टँडवर जाऊन बसली. आणि बसल्या जागेवरून समोर बघते तर विजेच्या दोन खांबांमध्ये बांधलेला, घोंगडीएवढा मोठा फ्लेक्स.

फोटोत संपत होता. काळा गॉगल, पांढरा शर्ट, मागं समुद्र. फोटो कुणीतरी संपतच्याच मोबाईलवरच्या स्टेटसवरून उचलला होता. मूळ फोटोत शेजारी धनश्री उभी होती. तिला कापून टाकलं होतं, पण कापणाऱ्याचा हात जरा हलला असावा, कारण कडेला तिचं कोपर आणि दोन हिरव्या बांगड्या राहून गेल्या होत्या.

कोंडाबाईनं फ्लेक्स वाचला. हो, वाचला. तिला वाचता येत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी धनश्रीनं गोठ्याच्या शेणानं सारवलेल्या भुईवर कोळशानं अक्षरं काढून सासूला शिकवलं होतं, रोज धारा काढून झाल्यावर अर्धा तास. तेव्हापासून कोंडाबाई एस.टी.ची पाटी स्वतः वाचून गाडीत चढत असे. आता तिनं एकेका अक्षरावर थांबत वाचलं, "मालदीव देशात इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवड झालेले, आपल्या वाड्याचे सुपुत्र, माननीय संपत सर यांचे हार्दिक स्वागत." खाली गावच्या मंडळाचं नाव आणि शुभेच्छुकांची बारा तोंडं, त्यात रखमाजीचं तिसरं.

हे खाली ओढून काढावं असं तिला वाटलं, पण तो फ्लेक्स होता दोन पुरुष उंचीवर. तेवढ्यात गाडी आली.

संपत उतरला, फ्लेक्सकडं बघितलं आणि खो खो हसला. "आयला, मला सर केला ह्यांनी. आई, कुणाचं डोकं हे?" शेफाली आजीच्या गळ्यात पडली. धनश्री मात्र गाडीच्या दाराशी उभी राहून पूर्ण वाचत होती, शुभेच्छुकांसकट. मग तिची नजर त्या कोपरावर गेली, आणि तिनं पदर उगाच नीट केला.

"आत्या," ती सासूच्या पाया पडून उठताना म्हणाली, "हे ह्यांना कुणी सांगितलं?"

"लोक काय बी बोलत्यात, पोरी," कोंडाबाई म्हणाली. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा लहान, पण सांगताना जास्त जड गेलं.

दुसऱ्याच दिवशी हायस्कूलचे मुख्याध्यापक सावळाराम सर चढण चढून वाड्यावर आले. हे सर नव्यानंच बदलून आलेले, त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. घामानं डबडबलेले, हातात नारळ आणि छापील पत्रिका. शाळेचं स्नेहसंमेलन परवावर आलं होतं आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना संपत सरच हवे होते.

"आमच्या मुलांना इंग्रजीची फार भीती आहे," सर म्हणाले. "तुम्ही याच डोंगरातले. तुम्ही दहा मिनिटं इंग्रजीत बोललात तर त्यांना कळेल की आपल्यालाही जमू शकतं. मराठीत नको, मुद्दाम इंग्रजीतच बोला."

संपतनं तोंड उघडलं. पण हरिबा त्याच्याआधी बोलला. "येईल की. न यायला काय झालं? शब्द दिला म्या." आणि त्यानं नारळ घेऊन मांडीवर ठेवला.

सर उतरणीला लागले तसा संपत बापावर उखडला. "आबा, मला इंग्रजी येतं व्हय? तिथं दुकानात पाव घेताना माझी त्रेधा होते. सरांना आत्ताच्या आत्ता खाली गाठतो आणि सांगतो काय आहे ते."

"सांग," हरिबा म्हणाला. "सांग, का आमचं पोरगं बायकूच्या पगारावर बसून खातं. मग म्या टपरीवर कुठल्या तोंडानं बसू त्ये बी सांग." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. पंचाहत्तरीच्या माणसाला लोकांनी पहिल्यांदाच बाकावर जागा करून दिली होती, ती जाईल या भीतीनं तो बोलत होता. कोंडाबाईला ते दिसलं, आणि ही भीती त्याला आपणच आणून दिली हेही दिसलं.

मग धनश्री म्हणाली, "मी लिहून देते. दहा-बारा ओळी. देवनागरीत लिहिते, तुम्ही पाठ करा. दोन दिवस आहेत, होईल."

संपत तिच्याकडं बघत राहिला. "तू लिहिणार? आणि मी म्हणणार?"

"मामांची मान खाली जायला नको," ती म्हणाली, आणि शेफालीच्या वहीतला कागद फाडला.

पुढची दुपार कोंडाबाई आयुष्यभर विसरणार नाही. गोठ्याच्या सावलीत संपत उभा होता, हातात कागद, आणि समोर पाटावर धनश्री. एक ओळ ती म्हणायची, मग तो म्हणायचा. तो अडायचा, ती थांबायची. चिडायची नाही, हसायची नाही, पुन्हा म्हणायची. तोच आवाज, तीच चिकाटी, जी कोंडाबाईनं भुईवरच्या कोळशाच्या अक्षरांसमोर अनुभवली होती. 'क' गिरवायला तिला अकरा दिवस लागले होते आणि अकराव्या दिवशीही सून तितक्याच शांतपणे म्हणाली होती, "आत्या, परत एकदा." आता तीच सून बसून स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवून देत होती, आणि तेही मन लावून, एकही चूक राहू नये म्हणून.

संध्याकाळी भाकरी थापताना कोंडाबाईनं विचारलं, "राग आला असंल न्हवं तुला?"

धनश्री चुलीत काटक्या सारत होती. "राग नाही आत्या. नवल वाटतं. तिथं मला शाळेत कुणीही विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर मी सांगते की ते घर बघतात, मुलगी बघतात, म्हणून मला शिकवता येतं. एकाला पण हसू येत नाही. पहिले सहा महिने मी रोज रडत होते. मुलं बोलतात ते कळायचं नाही, त्यांची भाषा वेगळी. एका पगारात सगळं बसवायचं. तेव्हा हे म्हणायचे, तू फक्त शाळेचं बघ, बाकीचं माझ्यावर सोड. ह्यांनी हात सोडला असता ना, तर मी दुसऱ्या महिन्यात परत आले असते." तिनं फुंकणीनं जाळ केला. "हे सगळं मला इथं येऊन सांगायचं होतं. माझ्या माणसांना. इथंच सांगता येत नाही."

कोंडाबाईच्या हातातली भाकरी एका बाजूनं जाड झाली.

"पुढच्या सुट्टीला बहुतेक नाही येणार आम्ही," धनश्री हलकेच म्हणाली. "खर्च पण फार होतो." खर्चाचं कारण तिनं नंतर जोडलं हे कोंडाबाईला कळलं. जोडलेलं कारण कसं ओळखायचं, यात ती आता तरबेज झाली होती.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हायस्कूलच्या पटांगणात मंडप होता. स्टेजवर पाच खुर्च्या, मागं पुन्हा तोच संपतचा फोटो, फक्त लहान, आणि यावेळी कोपर नीट कापलेलं. मुलं पुढं सतरंजीवर, गडीमाणसं मागं खुर्च्यांवर, बायका डाव्या अंगाला. स्टेजवर हरिबालाही खुर्ची होती. तो टोपी दाबून ताठ बसला होता. धनश्री डोक्यावर पदर घेऊन कोंडाबाईशेजारी सतरंजीवर बसली. तिच्या पलीकडं रत्ना, डेअरीवर कोंडाबाईच्या पुढं उभी राहणारी तिची जुनी मैत्रीण, मांडीवर शेफालीला घेऊन. धनश्रीचे ओठ हलत होते. संपतच्या ओळी ती मनात म्हणून बघत होती.

स्वागत झालं, ईशस्तवन झालं, गुणवंतांना पेनं वाटून झाली. सावळाराम सर माईकवर आले. "आता ज्यांची आपण सगळे वाट बघतोय..."

संपत उठला. त्यानं खिशातला कागद काढला तेव्हा त्याच्या बोटांची थरथर कोंडाबाईला तिथवर दिसली. टेम्पो घाटात रिव्हर्स घेताना ज्याचा हात कधी हलला नव्हता त्याचा हात. आणि शेजारी सुनेचे ओठ. कोंडाबाई उठली.

म्हणजे तिनं उठायचं ठरवलं असं नव्हतं. गुडघ्यावर हात रोवून ती उभी राहिली, तेव्हा रत्नानं लुगडं ओढलं, "कुठं निगालीस?" पण तोवर ती मुलांच्या मधून चालू लागली होती. स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. सरांना वाटलं आईला मुलाला ओवाळायचं असेल. ते कौतुकानं बाजूला झाले. कोंडाबाईनं माईकला तोंड लावलं, माईक किंचाळला, ती दचकून मागं झाली, मग पुन्हा पुढं.

"म्या कोंडाबाई. वरल्या वाड्यावरची. संपतची आई." तिचा आवाज पटांगणाच्या पलीकडून परत तिच्याकडं आला, तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "ह्यो मागचा बोर्ड म्या वाचलाय. मला वाचाया येतं. ज्ये बोर्डावर लिवलंय त्ये खोटं हाय. मंडळाचा दोष न्हाई, सरांचा न्हाई, माझ्या पोराचा बी न्हाई. खोटं माझं हाय. डेरीम्होरं म्या सांगितलं."

कुठंतरी मागं खुर्ची करकरली. हरिबा तिच्याकडं डोळे वटारून बघत होता.

"संपत मास्तर न्हाई. मास्तरीण माझी सून हाय, धनश्री. ती बगा तितं बसलीया, पदर घिऊन. तिकडल्या शाळेत ती एकटी शिकविती आन् तिच्या एकटीच्या पगारावर तिगं तिकडं ऱ्हात्यात आन् आमी दोगं हितं. गोठ्यावरचा पत्रा तिचा. ह्यांचं डोळ्याचं आपरेशन तिचं. आत्ता ह्ये ज्या डोळ्यानं माझ्याकडं रागानं बगत्यात न्हवं, त्यो डोळा बी तिच्याच पगारातला हाय."

आधी मुली हसल्या, मग सगळं पटांगण हसलं. हरिबानं नजर खाली घेतली.

कोंडाबाई हसली नाही. तिला अजून सांगायचं होतं आणि ते सगळ्यात अवघड होतं. "आन् म्या काय सांगितलं समद्यांस्नी? म्हनलं, सून सैपाकाला गेलीया. जिनं मला अक्षर शिकिवलं, तिला म्या सैपाकाला धाडली. मला कमीपना वाटला, का माझ्या पोराला लोक हसतील. माझं चुकलं. धनश्री, माझं चुकलं गं पोरी." आणि ती माईकपासून बाजूला झाली, पण खाली उतरायचं कसं ते न सुचून तिथंच उभी राहिली.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे पटांगणात कुणाला कळेना. सावळाराम सर माईकजवळ आले आणि गोंधळून, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग संपतराव... तुम्ही तिथं काय करता?"

हाच तो प्रश्न, ज्याच्या भीतीनं कोंडाबाईनं एवढं सगळं करून ठेवलं होतं. तिनं गर्दीत रखमाजीला शोधलं. तो पुढं वाकून ऐकत होता.

संपतनं कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. तो हलका झाला होता, खांद्यावरून कॅन उतरवल्यासारखा. "सर, मी घर बघतो," तो म्हणाला. "पहाटे उठतो, हिचा डबा करतो, पोरीला आंघोळ घालतो, शाळेत सोडतो. भांडी पण घासतो. पोरीची वेणी घालतो. पहिल्या महिन्यात ती शाळेच्या दारापर्यंत सुटायची, आता दिवस मावळेपर्यंत टिकते." मुली टाळ्या वाजवून हसल्या. "हिला एवढ्या वह्या तपासायच्या असतात की मी जर बसून राहिलो ना, तर ती शिकवणार कधी? आमच्या घरात एकच पगार आहे. पण तो आम्हा दोघांच्याही मेहनतीनं येतो, एवढं मला कळतं."

रखमाजी हसला. कोंडाबाईनं ते पाहिलं. आणि तिला काहीच झालं नाही. दीड वर्ष ज्या हसण्याला आपण भ्यालो ते एवढंसंच होतं, हे बघून तिला स्वतःचीच कीव आली. तिचा मुलगा तिथं उभा होता, सगळ्यांसमोर, वेणीचं सांगत होता, आणि कुणापुढंही खाली बघत नव्हता. असे बाप्ये ह्या खोऱ्यात किती आहेत ते दाखवा म्हणावं, असं तिच्या मनात आलं.

"धनश्री मॅडम," सावळाराम सर म्हणाले, "आपण वर या. मुलांना मी इंग्रजी भाषण कबूल केलंय."

धनश्री उठली. पदर सावरत वर आली आणि थांबली. स्टेजवर पाचच खुर्च्या होत्या, पाचही ज्याच्या त्याच्या नावाच्या. शिवाय सासरे समोर असताना सून खुर्चीवर बसत नाही, ही वाड्यावरची रीत तिनं कधी मोडलेली नव्हती. ती कडेला उभी राहिली.

तेव्हा हरिबा उठला. हळूहळू, खुर्चीच्या हाताला धरून. त्यानं खुर्ची उचलली, दोन पावलं आणली, तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "बस."

"मामा, तुम्ही बसा," धनश्री घाबरून म्हणाली.

"म्या लई बसलो दीड वरीस," हरिबा म्हणाला. माईक जवळ होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग तो पायऱ्या उतरला आणि मुलांच्या रांगेमागं जाऊन उभा राहिला. सून बसली नाही, सासराही परत आला नाही. ती खुर्ची रिकामीच राहिली. धनश्री सरळ माईककडं गेली.

जाताना ती सासूजवळून गेली. तिनं सासूचा हात कोपरापाशी घट्ट दाबला आणि सोडला. कोंडाबाई खाली आली, सतरंजीवर आपल्या जागी बसली.

आणि धनश्री बोलू लागली. कागदाशिवाय, पदर खांद्यावर घसरला तरी न सावरता. कोंडाबाईनं चार वर्षं तिला शाळेला जाताना पाहिलं होतं, खडकावर बोलताना पाहिलं होतं, पण सुनेला शिकवताना, इतक्या पोरांपुढं उभी असताना तिनं आजवर कधीच पाहिलं नव्हतं. धनश्री एक वाक्य म्हणायची, थांबायची, मुलांकडं बघायची, काहीतरी विचारायची. आधी एक मुलगी हळूच उत्तरली, मग मागच्या रांगेतला एकजण, मग बरेच. चुकलं तर ती मान हलवून पुन्हा विचारायची. पटांगण असं गप्प झालं होतं की लांबून जाणारी एस.टी. ऐकू येत होती. हरिबा कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि कुणी पुढं आलं की हातानं बाजूला करत होता, आपल्याला नीट दिसावं म्हणून.

कोंडाबाई टक लावून बघत होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

रत्ना तिच्या कानाशी लागली. "काय म्हणती गं?"

"काय की."

"तुला कळतंय का काय?"

"येक अक्षर न्हाई."

"मग मान कशाला डोलावतीस?"

"सून माझी हाय न्हवं," कोंडाबाई म्हणाली, आणि पुन्हा मान डोलावली.